बलुतेदार नसलेले घर

घर बांधणाऱ्याने घराची डागडुजीही स्वतःच्या हाताने करावी, असा शिरस्ता आपल्या मुलखात कधी नव्हता. औत मोडले तर सुतार, फाळ बोथटला तर लोहार, मोट फाटली तर चांभार, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावरून ज्याचे त्याचे बलुते ज्याच्या त्याच्या घरी पोचते झाले की वर्षभराचा बंदोबस्त झाला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून या व्यवस्थेचा जो पंचनामा केला, त्यात तिचे गुण थोडे आणि दोष पुष्कळ दिसतात, हे खरे. तथापि ती व्यवस्था एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरीत असे, ती ही की घर आणि कारागीर हे दोघेही एकाच शिवेच्या आत नांदत आहेत. ज्या घराने ही शीवच ओलांडली, ज्याला चाके लागली, आणि जे आज एका परगण्यात तर उद्या तिसऱ्याच मुलखात मुक्कामाला उतरू लागले, त्याच्या गळक्या छपराकडे आणि तापलेल्या चाकाकडे कोणी पाहावे? मोटारीमागे जोडून न्यायच्या प्रवासी ट्रेलरचा इतिहास इंग्लंड-अमेरिकेत घडला, आणि तो लिहिणारे बहुधा त्याच्या घाटाचे, चकाकीचे व सुखसोयींचे वर्णन करतात; मला मात्र तो मुख्यतः या एका प्रश्नाचा इतिहास वाटतो.

आद्य शौकिनांपैकी एकाला हा प्रश्न फारसा जाचला नाही, कारण त्याने आपली माणसे बरोबरच घेतली होती. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्य. आरमार सुटल्यावर मुलांसाठी साहसकथा लिहून त्यांनी बऱ्यापैकी नाव मिळवले. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून उंची लाकूडकामाची एक प्रशस्त गाडी बांधवून घेतली, तिचे नाव 'वाँडरर' ठेवले, आणि बर्कशरमधील ट्वायफर्ड गावाहून स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत त्या गाडीतून सफर केली. पुढल्या वर्षी निघालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनाच्या शीर्षकातच १३०० मैलांचा उल्लेख आहे. सुमारे दोन टनांच्या त्या धुडाला दोन घोडे, हाकायला कोचमन, आणि तैनातीला एक नोकर, जो तीनचाकी सायकलवर बसून पुढे जाई व अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येत आहे काय याची खबर घेई. पेशव्यांच्या स्वारीपुढे बिनीवाले चालावेत तसा त्याचा थाट, फक्त निशाणाच्या जागी पायंडल. कुत्रा आणि काकाकुवा हे दोन सहप्रवासी निराळेच. अशा सरंजामात गृहस्थाने हातात पाना धरण्याचा प्रसंग तो कसला येणार! शिवाय वाट ज्या खेड्यांतून जाई त्या प्रत्येक खेड्यात लोहाराची भट्टी पेटलेली होती. घोड्याचा नाल निघाला काय आणि चाकाची लोखंडी धाव सैल झाली काय, मैल-दोन मैलांत इलाज सापडे. घर फिरते झाले होते, पण कारागिरांची साखळी अजून तुटली नव्हती.

ती तुटली मोटारीने. इंग्लंडात १९०७ साली या शौकिनांचा क्लब स्थापन झाला तेव्हा बहुतेकांच्या गाड्यांना घोडेच होते. पुढे १९१९च्या सुमारास बर्मिंगहॅम येथील रायली पिता-पुत्रांनी 'एकल्स' नावाने मोटारीमागे ओढायची गाडी विक्रीस काढली आणि घोड्याबरोबर कोचमनही गेला. मात्र या नव्या वाहनाचे खरे माहेर अमेरिका.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीच फ्लॉरिडातील टँपा शहराच्या डिसोटो पार्कमध्ये तळ ठोकून राहिलेल्या मोटारप्रवाशांनी 'टिन कॅन टुरिस्ट' या नावाची मंडळी उभी केली. डबाबंद अन्नावर गुजराण करणारे हे लोक ओळखीची खूण म्हणून रेडिएटरच्या टोपणावर पत्र्याचा डबा लावीत. त्यांच्यापाशी नोकर नव्हते, खजिना नव्हता, आणि ज्या फोर्ड मोटारी ते चालवीत त्या इतक्या साध्या व इतक्या लहरी होत्या की त्या चालवणारा मनुष्य आपोआपच अर्धा मिस्त्री होऊन जाई. तारेचा तुकडा, पक्कड आणि शेजाऱ्याचा सल्ला या तीन जिनसांवर त्यांचा संसार चाले. पुढे जी विद्या ट्रेलरवाल्यांची विद्या म्हणून ओळखली गेली तिची धुळाक्षरे या तळावर गिरवली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि या धंद्यातील पहिला मोठा कारखाना निघाला तोही एका नवख्या मालकाच्या फजितीतून. आर्थर शर्मन हे डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ, औषधनिर्मितीच्या एका कंपनीचे चालक. त्यांनी सहकुटुंब सुटीवर जाण्यासाठी घडीच्या तंबूचा एक ट्रेलर विकत घेतला. तो हां हां म्हणता उभा राहतो अशी विकणाराची ग्वाही होती. पहिल्याच मुक्कामी पावसाने गाठले, घडी काही केल्या उलगडेना, आणि दांड्या, दोऱ्या व कापड यांच्याशी झुंजता झुंजता सगळे कुटुंब चिंब भिजले. दुसरा कोणी असता तर त्याने विकणाराला शिव्याशाप देऊन समाधान मानले असते. शर्मन यांनी घरी येऊन लाकडी सांगाड्यावर मॅसोनाइटचे तक्ते ठोकून एक बंदिस्त पेटीच बनवली, मुलांनी तिला थट्टेने 'कव्हर्ड वॅगन' म्हटले, आणि १९३० सालच्या डेट्रॉइटच्या मोटार-प्रदर्शनात मांडलेल्या या पेटीला शंभराहून अधिक गिऱ्हाइके मिळाली. १९३६च्या सुमारास हा अमेरिकेतील सर्वांत मोठा ट्रेलर-कारखाना गणला जात होता. त्याच तेजीच्या भरात रॉजर बॅब्सन नावाच्या प्रख्यात अर्थभविष्यवेत्त्याने असे भाकीत केले की वीस वर्षांच्या आत निम्मी अमेरिका ट्रेलरांतून राहू लागेल. भाकीत करणारांना छपराची गळती ठाऊक नसते.

गळती हा या घराचा जन्मजात रोग होय, आणि तो समजून घेतल्यावाचून पुढील इतिहासाचे मर्म कळावयाचे नाही. स्थिर घराच्या भिंती एकमेकींशी भांडत नाहीत; चाकांवरचे घर मात्र प्रत्येक खड्ड्यागणिक थोडेसे पिळवटते, आणि त्या पिळाने सांधे उघडतात. त्या काळी छपराला रंग चढवलेले जाड कापड ताणून बसवीत. रंगाला तडे गेले की पाणी आत शिरे, ते लाकडी वाशाच्या कडेकडेने वाहत जाई, आणि शिरले एका टोकाला तर दिसे दुसऱ्या टोकाला. अनुभवी मालक म्हणून डागाखाली भांडे ठेवून थांबत नाही. तो डागापासून उताराच्या उलट दिशेने, वरच्या अंगाला, शिडीवर चढून शोध घेतो, आणि त्याला छिद्र बहुधा कोठल्या तरी मधल्या जागी नव्हे, तर जेथे कारागिराने छपराला मुद्दाम भोक पाडले आहे तेथे सापडते: धुराड्याभोवती, झरोक्याच्या चौकटीत, कोपऱ्याच्या पट्टीतील स्क्रूखाली. आता छपरे रबराची झाली, फटी भरण्याचे लुकणही रसायनशास्त्राने पुरवले. परंतु दर हंगामाच्या आरंभी छपरावर जाऊन प्रत्येक सांधा बोटाने दाबून पाहण्याचा परिपाठ काही सुटला नाही, आणि जो तो सोडतो त्याला दोन-तीन वर्षांनी भिंतीचा तक्ता फुगून हाताखाली मऊ लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

या रोगावरचा सर्वांत देखणा उतारा विमानविद्येतून आला. हॉली बोलस या ग्लायडर बांधणाऱ्या कुशल माणसाने, ज्याने लिंडबर्गच्या विमानाच्या बांधणीवरही देखरेख केली होती, १९३४ साली ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून 'रोड चीफ' हा ट्रेलर घडवला; लाकडाचा सांगाडा नाही, कवच हाच सांगाडा. त्याचा धंदा लौकरच बुडाला, परंतु कल्पना वॉली बायम यांनी उचलली. हे बायम मूळचे प्रकाशक. घरच्या घरी वस्तू बनवण्याच्या एका मासिकात त्यांनी ट्रेलर बांधण्याचे नकाशे छापले, आणि वाचकांच्या तक्रारी येऊ लागल्या की या नकाशाबरहुकूम गाडी होतच नाही. तक्रार खरी की खोटी हे ताडण्यासाठी बायम यांनी स्वतः हातोडी घेतली, तक्रार खरी निघाली, आणि मग त्यांनी स्वतःचा नमुना रचला: तळ दोन चाकांच्या मध्ये खाली सोडला, छत वर नेले, म्हणजे माणसाला आत ताठ उभे राहता यावे. १९३६ साली त्यांच्या 'एअरस्ट्रीम' कारखान्याने १२०० डॉलर किमतीचा 'क्लिपर' विकायला काढला. रिव्हेट बसवायला एक माणूस आत आणि एक बाहेर लागतो. बाहेरचा ठोकतो, आतला लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. असे हजारो रिव्हेट, आणि गळतीची शक्यताही तितक्याच ठिकाणी! १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना विलग ठेवण्यासाठी याच घाटाच्या एका गाडीची योजना झाली, तेव्हा तीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला होता, म्हणजे कोठे फट राहिलीच तर बाहेरची हवा आत यावी, आतली बाहेर जाऊ नये. कवच कितीही उत्तम असले तरी फट राहणार, हे गृहीत धरूनच शहाण्यांनी ही तजवीज केली, याचे मला कौतुक वाटते.

छपराहून अधिक घातक, आणि नवा मालक ज्याच्याकडे सर्वांत शेवटी पाहतो, तो भाग म्हणजे चाकाचा तुंबा. येथे एका घोडागाडीवाल्याचे ऋण आहे. सेंट लुईसचे गाड्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांच्या ध्यानी आले की वळणावर जड गाडीचा भार नुसता खाली पडत नाही, आडवाही रेटतो. तेव्हा दोन्ही भार पेलणारे, निमुळत्या रोळ्यांचे बेअरिंग त्यांनी सिद्ध केले आणि १८९८ साली त्याचे पेटंट घेतले. आजही ट्रेलरच्या चाकात तेच फिरते. वर्षातून एकदा, किंवा १०,००० ते १२,००० मैलांनी, ते उघडावे लागते. चाक जॅकवर उचलून काढायचे, तुंब्याच्या तोंडावरची टोपी हळूहळू ठोकून सोडवायची, वाकवलेली पिन सरळ करून ओढायची, नट काढला की बाहेरचे बेअरिंग हातात येते आणि तुंबा उतरवल्यावर मागच्या बाजूचे, त्याचे सील उचकटल्यानंतर. दोन्ही घासलेटात धुऊन उजेडाकडे धरावीत. रोळ्यांवर निळसर झाक असेल तर ती उष्णतेची, खळगे असतील तर ते पाण्याचे, आणि दोन्ही प्रसंगी बेअरिंग बदलावे, दया दाखवू नये. नंतर तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहावे, अशी की ग्रीस रोळ्यांच्या फटींतून वरच्या बाजूने बाहेर डोकावेल. शेवटी चाक फिरवीत नट आवळायचा, मग पुन्हा सैल सोडायचा, आणि बोटांनी जाईल तितकाच परत बसवायचा. पान्याने करकचून आवळण्याचा मोह नवशिक्याला होतोच, कारण सैल नटावर कोणाचा विश्वास बसणार? पण आवळलेले बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते, आणि भर रस्त्यात चाक आसावरून निसटून गाडीच्या पुढे धावते. म्हणून जुने लोक प्रत्येक थांब्यावर उतरताच आधी तुंब्यांवरून हात फिरवतात. चारांपैकी एक बाकीच्यांहून अधिक ऊन लागला की जेवण मागाहून.

ब्रेकची कथा थोडक्यात सांगतो. विस्कॉन्सिनच्या बेलॉइट गावी ए. पी. वॉर्नर यांनी १९२७ साली विजेच्या ब्रेकचा कारखाना काढला. ड्रमच्या फिरत्या पृष्ठभागाला चिकटू पाहणारा एक विद्युत्चुंबक तरफ ओढतो आणि ती ब्रेकचे शू पसरवते, इतकेच त्याचे तत्त्व. त्यामुळे मोटार आणि ट्रेलर यांच्यामध्ये तारांची एक नाळ आली, आणि ट्रेलरच्या निम्म्या तक्रारी त्या नाळेत जाऊन बसल्या. त्यांतली एक इतकी मायावी आहे की ती येथे नोंदवतोच. मागचे दिवे सरळ रस्त्यावर ठीक जळतात, वळणावर मिणमिणतात. नवा मालक दिवे बदलतो, फ्यूज बदलतो, दोष जात नाही. दोष दिव्यांत नसतोच. परतीच्या प्रवाहाची, म्हणजे अर्थची, पांढरी तार गंजून तुटलेली असते, आणि वीज बिचारी जोडणीच्या लोखंडी गोळ्यातून वाट काढून मोटारीकडे परतत असते. वळणावर गोळा आणि त्याची वाटी यांचा स्पर्श सुटला की दिवे गेले. गोळ्याला इमानेइतबारे ग्रीस लावणाऱ्या दक्ष मालकाच्या गाडीत हा दोष अधिक लौकर दिसतो.

स्वयंपाकघरात दोष शोधणे याहून नाजूक. १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातील बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ज्योतीच्या उष्णतेने थंडी निर्माण करणारे कपाट शोधून काढले. त्यात पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन हे बंद नळ्यांतून आपापल्या मार्गाने फिरत राहतात, आणि द्रवाला खाली आणते ते केवळ गुरुत्वाकर्षण. बर्फाच्या पेट्या बाळगणाऱ्या ट्रेलरवाल्यांना हे पुढे वरदान ठरले, पण त्याबरोबर एक अट आली: गाडी समपातळीत उभी पाहिजे. उतारावर मुक्काम केला की द्रव नळीच्या खोबणीत साचतो, तळाची भट्टी कोरडी तापते, गंज रोखण्यासाठी घातलेल्या क्षाराचे खडे होऊन मार्ग बुजतो, आणि कपाट कायमचे निकामी होते. म्हणून या पंथात गवंड्याची पाणसळ हे स्वयंपाकघरातील भांडे झाले. गॅसच्या जोडांना साबणाचे पाणी लावून फुगे येतात काय ते पाहणे हा दुसरा नित्यविधी. १९३७ साली टेक्ससमधील न्यू लंडन येथील शाळेत वास नसलेला गॅस साचून स्फोट झाला, सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक मुले; त्यानंतर गॅसला उग्र वास देण्याचे कायदे झाले. आज नव्या मालकाला नळीजवळ जो कुजकट वास येतो तो त्या मुलांमुळे येतो.

तोलाचा धडा अमेरिकेने चित्रपटातून घेतला. १९५४ सालच्या 'द लाँग, लाँग ट्रेलर' या व्हिन्सेंट मिनेली यांच्या विनोदी चित्रपटात ल्यूसिल बॉलने रंगवलेली नववधू प्रत्येक मुक्कामाची आठवण म्हणून एकेक धोंडा गोळा करते, आणि डोंगराच्या चढणीवर त्या धोंड्यांपायी संसार रसातळाला जाण्याची पाळी येते. प्रेक्षक हसले, ट्रेलरवाले जरा कमी हसले असावेत. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर पडला पाहिजे, तो कमी पडून माल मागच्या अंगाला साचला तर वेग वाढताच गाडीची शेपटी डोलू लागते, आणि ते डोलणे मोटारीलाही गुंडाळून घेते. हल्ली अमेरिकेतील मराठी कुटुंबेही हा शौक करू लागली आहेत. त्यांनी पिठाचे डबे, कुकर आणि पाटा-वरवंट्याचा विद्युत्-अवतार मागच्या कपाटात न ठेवता आसाच्या किंचित पुढे, आणि तळाशी ठेवावा, एवढे सुचवावेसे वाटते.

बायम यांचे मोठेपण मात्र मला त्यांच्या चकचकीत पत्र्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत दिसते. १९५१ साली त्यांनी मेक्सिको व मध्य अमेरिकेकडे ६३ ट्रेलरांचा तांडा नेला, आणि रस्ते असे भेटले की अखेरपर्यंत १४च टिकले. १९५५ साली नोव्हा स्कोशियातील केंटव्हिल येथे त्यांच्या गाड्यांच्या मालकांचा क्लब स्थापन झाला, आणि १९५९ साली ४१ ट्रेलर केपटाउनहून निघून आफ्रिकेची लांबी ओलांडीत पुढल्या वर्षी कैरोस पोचले. या सफरींत काय मोडते ते पाहून पुढचे नमुने सुधारावेत, असा कारखान्याचा हिशेब होता; परंतु मालकांच्या दृष्टीने जे घडले ते निराळे. एकेकटे हिंडणारे घर ज्या कारागिरांना पारखे झाले होते, ते कारागीर तांड्यातच निपजले. निवृत्त माणसांचा भरणा; कोणी जन्मभर नळजोडणी केलेली, कोणी विजेची कामे, कोणी गिरणीत यंत्रे सांभाळलेली. एकाने दुसऱ्याचे स्प्रिंग बसवायचे, त्याने तिसऱ्याची तार जोडायची, आणि मोबदला धान्याच्या मापाने नव्हे तर रात्रीच्या जेवणाने. गाव हिंडू लागले तेव्हा बलुती परत आली, फक्त ती आता जन्माने ठरत नव्हती. आत्रे यांनी या दुरुस्तीला नापसंती दर्शवली असती असे वाटत नाही.

आज हा धंदा इंडियाना संस्थानातील एल्खार्ट गावाभोवती एकवटला आहे, आणि तेथून निघणाऱ्या गाड्यांत इतकी उपकरणे भरलेली असतात की विकणारा मनुष्य तासाभरात ती सारी दाखवून मोकळा होतो व घेणारा पहिल्या वळणावर त्यांतली निम्मी विसरतो. हिवाळ्यापूर्वी नळांतले पाणी काढून गुलाबी रंगाचे न गोठणारे द्रावण भरावयाचे असते, हे त्याला वसंतात नळी फुटल्यावर आठवते. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक हे त्याच्या जन्माचा आठवडा व साल सांगतात, आणि ट्रेलरचे टायर झिजून नव्हे तर उभ्या उभ्या म्हातारे होऊन फुटतात, हे कोणी सांगितले तर त्याला खरे वाटत नाही, कारण नक्षी अद्याप नवी दिसत असते.

कारखानदारांनी त्याचे कष्ट वाचवण्याचा एक उपाय काढला आहे, तो आसाच्या टोकाला ग्रीस भरण्याची घुंडी बसवण्याचा. टोपीवरचे रबरी बूच काढा, पिचकारी लावा, ग्रीस आसाच्या पोटातून मागच्या बेअरिंगापर्यंत जाते आणि जुने ग्रीस पुढून बाहेर पडते. चाक उतरवायला नको, हात काळे करायला नकोत. सूचनापुस्तकात लिहिलेले असते की चाक हाताने फिरवीत सावकाश भरावे. नवा मालक चाक न फिरवता जोराने भरतो, मागचे सील त्या दाबाने उलटते, आणि ग्रीस ब्रेकच्या शूवर पसरते. हे त्याला कळते ते पहिल्या उतारावर, गाडी एका अंगाला ओढू लागते तेव्हा. ग्रीस प्यालेला शू धुऊन उपयोगी पडत नाही, तो बदलावाच लागतो. आणि त्यासाठी जॅक लावून, टोपी ठोकून, पिन सरळ करून, नट काढून, तुंबा उतरवावा लागतो.